खेळवणं सोडू नकोस, तयारी सोड

पत्र:

ताई, मी देवगडचा, घरचा आंब्याचा धंदा. तीन वर्षं झाली, दर रविवारी रात्री आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये आम्ही पाच जण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची, म्हणजे फासे टाकत, आपापल्या पात्राच्या तोंडून बोलत गोष्ट घडवायच्या खेळाची, पाचवी आवृत्ती खेळतो. डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा, कायम मीच. खेळणारे चौघे: धाकटी बहीण, शाळेत मास्तर असलेला एक मित्र, ट्रॉलरवर जाणारा दुसरा मित्र आणि चुलतभाऊ. सगळ्यांची कॅरेक्टर्स दहाव्या लेव्हलला पोचलीत. एकेक लढाई दोन-दोन तास चालते. मी आठवडाभर रोज रात्री तासभर तयारी करतो आणि रविवारी हे लोक गोष्टीत भलतीकडेच जातात. मध्यंतरी 'कॉल ऑफ कथुलू' आणि 'ब्लेड्स इन द डार्क' या अशाच दुसऱ्या खेळांची पुस्तकं वाचली, तर झोपच उडाली. पण विषय काढला की सगळ्यांचं एकच, "आत्ता कुठे हे नियम डोक्यात बसलेत, आता दुसरं नको." बहीण तर रुसलीच. मी खेळवणं सोडून देऊ का? सोडायचं नसेल तर कुठली सिस्टिम, म्हणजे कुठल्या खेळाचे नियम, घेऊ? आणि पावसात शेडमधली लाइट जाते, त्याचं काय करू?

उत्तर:

मला ताई म्हणालास, म्हणून मीही अरे-तुरेवर येते.

तुझ्या पत्रात दोन दुखणी एकमेकांत गुंतली आहेत. एक तुझा थकवा, दुसरी नव्या सिस्टिमची ओढ. दुसरीकडे गेलं की पहिलं आपोआप बरं होईल असं तुला वाटतंय. मलाही वाटलं होतं. काही वर्षांपूर्वी आमच्या वेंगुर्ल्याच्या टेबलावर मी चार महिन्यांत तीन सिस्टिम आणल्या. प्रत्येक वेळी पुस्तक नवं, पण तयारीची सवय जुनीच: बारा-बारा पानं लिहायची, प्रत्येक पात्राची वाक्यंसुद्धा आधी ठरवायची. मी दुपटीने थकले आणि दोघं खेळायला यायची थांबली. त्यातल्या एकीने पुढे मला सांगितलं, तिला खेळाचा कंटाळा कधीच आला नव्हता. आपलं कॅरेक्टर जरा कुठे ओळखीचं झालं की ताई नव्या कॅरेक्टरचं शीट हातात देते, याचा तिला त्रास होत होता. ते मला अजून लागतं. म्हणून सिस्टिमचं नंतर बोलू, आधी तुझ्या आठवड्यातले ते सात तास.

तू सिंधुदुर्गातला आहेस. दशावतार पाहत मोठा झाला असशील. जत्रेच्या रात्री नाटक उभं राहतं तेव्हा कुणाच्या हातात लिहिलेली संहिता असते का? आख्यान ठरतं, राजा कोण, राक्षस कोण, नारद कोण ते ठरतं, आणि मग पेटी-मृदंगाच्या साथीवर माणसं रंगमंचावर येऊन आपापले संवाद तिथल्या तिथे बोलतात. समोरच्याने अनपेक्षित टोला दिला की राजाची भूमिका करणारा त्यातूनच पुढचं वाक्य काढतो. त्याला हे जमतं, कारण आपल्या राजाला काय हवंय ते त्याला पक्कं ठाऊक असतं. वाक्यं पाठ असती तर पहिल्याच टोल्याला तो अडकला असता. तू दर रविवारी अडकतोस तो अगदी याच कारणाने. तू वाक्यं पाठ करून जातोस आणि टोला बहीण देते.

तेव्हा यापुढे तयारी एका कागदाची. त्यावर तीन माणसं आणि प्रत्येकाला काय हवंय. ही माणसं कुणी अडवली नाहीत तर काय करून बसतील, तेही लिही. डोळ्यांसमोर उभी राहील अशी एक जागा. आणि एक घड्याळ. हे घड्याळ 'ब्लेड्स'मधलं आहे, तू वाचलंच असशील: कागदावर वर्तुळ काढायचं, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे, आणि संकट जवळ आलं की एकेक भाग रंगवायचा. ते तुझ्या सध्याच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे चालू असलेल्या लांबलचक गोष्टीतही, जसंच्या तसं चालतं. आपल्याकडे तर देवानेच असं घड्याळ दिलंय. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास, म्हणून वर्तुळाचे सहा भाग. खाडीच्या तोंडाशी चाच्यांचं गलबत रुतलंय, पाणी चढलं की ते सुटणार. खेळाडूंनी बाजारात वेळ घालवला, एक भाग रंगव. पहारेकऱ्याशी हुज्जत घातली, अजून एक. ते भलतीकडे गेले तरी पाणी चढतंच राहील आणि तुला काहीही नव्याने लिहावं लागणार नाही.

दोन तासांच्या लढाईवर दोन उपाय. पाचव्या आवृत्तीच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षसाचे हिट पॉइंट (तो किती मार सोसेल तो आकडा) सरासरीने दिलेले असतात आणि शेजारी फाशांचं सूत्रही असतं. म्हणजे सरासरीच्या खालचा आकडा घ्यायला पुस्तकाचीच परवानगी आहे, बिनदिक्कत घे. दुसरा उपाय जुना. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्याच १९८१च्या बेसिक संचात प्रत्येक राक्षसाला मनोधैर्याचा आकडा असे. टोळीतला पहिला गारद झाला किंवा निम्मे पडले की डीएम दोन फासे टाकायचा. बेरीज त्या आकड्याच्या वर गेली की उरलेले पळत सुटायचे किंवा शरण यायचे. हा नियम उचलून आण. शरण आलेला शत्रू बोलतो, बोलण्यातून पुढची गोष्ट निघते, आणि तुझी आठवड्याची तयारी त्या एका माणसाच्या तोंडून परस्पर होऊन जाते.

फाशांबद्दलही एक सांगायचं आहे. गावच्या देवळात कौल लावतात तो आठव. हरेक बारीकसारीक गोष्टीसाठी कुणी कौल लावत नाही. जिथे खरंच दोन वाटा असतात आणि दोन्हींचे परिणाम भोगायची तयारी असते, तिथेच देवापुढे उभं राहतात. उजवा की डावा, जो मिळाला तो मान्य करून घरी येतात. फासा टेबलावर तसाच ठेव. कुलूप उघडायला अख्खी रात्र हातात आहे आणि पहारा नाही, तर फासा कशाला? उघडलं म्हण आणि पुढे जा. पण टाकायला सांगितलास तर पडलेला आकडा बदलू नकोस, पडद्याआडही नाही. तीन वर्षं सोबत खेळणाऱ्यांना ते कळतं.

आता तुझी माणसं. त्यांचा नकार तू हट्ट समजतोयस, मला तो तसा वाटत नाही. २०१४चं 'प्लेयर्स हँडबुक' ३२० पानांचं, तेही इंग्रजी. तुझ्या बहिणीने ते वाचून, समजून घेऊन, जादूच्या मंत्रांची यादी पाठ करून त्यात हुशारी मिळवली आहे. आता तू म्हणतोस ते बाजूला ठेव, परत पहिलीत बस. आणि तीन वर्षं जपलेल्या तिच्या कॅरेक्टरचं काय होणार, हे तू सांगितलंस का? पत्रात तरी ते दिसलं नाही. ती रुसली ती कॅरेक्टरसाठी रुसली असेल. तिला जाऊन सरळ सांग: कॅम्पेन मरत नाही, एका बंदरात नांगर टाकून थांबतंय, आणि गणपतीनंतर तिथूनच निघेल. तारीख सांग आणि पाळ.

त्यापुढचे दोन रविवार नुसतं टेबलाकडे बघ. कुणाचा हात कधी मोबाइलकडे जातो, कोण कधी खुर्चीच्या टोकाला येतं. सिस्टिम निवडायची ती यावरून. प्रत्येक सिस्टिम काहीतरी मोजते आणि जे मोजते तेच टेबलावर घडत राहतं. तुमची सध्याची मोजते हिट पॉइंट आणि मंत्रांचे स्लॉट (मंत्र किती वेळा टाकता येतील ते), म्हणून रात्र लढाईत जाते. यात तिचा दोष नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला तो युद्धाच्या पटावरच्या खेळांतून वर आलेला, आणि ते रक्त त्यात अजून आहे. लढाईतच तुझी माणसं रंगत असतील तर दुसरीकडे जाऊच नका. कमी लेव्हलची नवी कॅरेक्टर्स घेऊन इथेच खेळा, वेग परत येईल.

पण समजा मास्तर लढाईत जांभया देतो आणि जुनं पत्र सापडलं की जागा होतो. त्याच्यासाठी 'कॉल ऑफ कथुलू' आहे. सँडी पीटरसनचा हा खेळ १९८१चा, अजून ताजा. इथे प्रत्येक कौशल्य टक्क्यांत असतं: ऐकणं ४० टक्के, ग्रंथालयात शोधणं ६० टक्के. फासे त्या आकड्यात आले की जमलं. नवख्याला समजवायला याहून सोपं काही नाही, टक्के सगळ्यांना कळतात. हिट पॉइंटच्या जोडीला इथे मनाचा तोल मोजतात, आणि जे पाहू नये ते पाहिलं की तो ढळतो. राक्षसाशी लढायला गेलं तर बहुतेक मरणच, म्हणून माणसं लढत नाहीत. विचारतात, शोधतात, घाबरतात. खेळाचा मूळ काळ १९२०चं दशक. त्या काळी मुंबईहून कोकणात यायचं म्हणजे आगबोट. मुंबईहून निघालेले चार अनोळखी प्रवासी, देवगड बंदरात उतरलेली एक पेटी आणि तिचा मालक बेपत्ता, एवढ्यावर एक रात्र सहज निघते. सड्यावरची कातळशिल्पं तर आपल्या अंगणातच आहेत. कुणी कोरली, कशासाठी, याचं पक्कं उत्तर कुणापाशी नाही. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास ग्रहण आणि त्याच्याशी जोडले जाणारे विजयदुर्गावरचे साहेबाचे ओटे, हा धागा मी तुला फुकट देते. मी त्यावर दोन रात्री खेळवलंय आणि त्या आठवणीने अजून अंगावर काटा येतो.

एक मात्र कळकळीने सांगते. भीतीच्या खेळात गावचा राखणदार, देवचार, जागृत देवस्थान आणू नकोस. टेबलावरचा एखादा हसत खेळेल आणि घरी जाऊन रात्रभर जागा राहील, कारण त्याच्या घरात ती श्रद्धा आहे. सुरुवातीलाच सगळ्यांना विचार, काय नको. बोलायला अवघड जात असेल तर चिठ्ठ्या टाकू दे. तुझा मित्र ट्रॉलरवर जातो. वादळात बुडणारी होडी तुला रंगतदार प्रसंग वाटेल, पण २०२१च्या मे महिन्यातलं तौक्ते त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी कसं काढलं ते आधी विचार. इंग्रजी खेळाडू यासाठी मध्ये एक कार्ड ठेवतात, त्यावर एक्स काढलेला असतो. कुणीही त्याला बोट लावलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. पत्त्यांतला जोकर ठेवलास तरी चालेल.

त्या मित्राच्या बाबतीत माझ्या मनात दुसरीच सिस्टिम आहे. 'ट्रॅव्हलर', १९७७ची, मार्क मिलरची, अंतराळातली. ऐकायला लांबची वाटते, पण नियम बघ: जहाज कर्जाने घेतलेलं, दर महिन्याला किमतीच्या २४०व्या भागाचा हप्ता, असे ४८० हप्ते. त्यात इंधन, खलाशांचा पगार, बंदराचा खर्च, आणि माल कुठे घेऊन कुठे विकला तर सुटेल याची चिंता. डिझेलचा भाव आणि मासळीचा लिलाव ज्याला पाठ आहे, तो माणूस या टेबलावर राजा होईल. दोन साधे फासे, बेरीज आठ किंवा वर आली की जमलं. तीन वर्षांत त्याला कधी टेबलावर सगळ्यांपेक्षा जास्त कळलंय असं झालंय का? होऊ दे एकदा.

'ब्लेड्स' मात्र लगेच काढू नकोस. जॉन हार्परचा २०१७चा हा खेळ फार सुंदर आहे, पण तो खेळाडूंकडून वेगळी सवय मागतो. आधी तासभर बेत आखणं त्यात नाही. चोरी थेट मधूनच सुरू होते आणि अडचण आली की खेळाडू म्हणतो, "याची सोय मी कालच केली होती." मग तो कालचा प्रसंग खेळायचा आणि थोडा ताण अंगावर घ्यायचा. आयुष्यभर डीएमला 'मी हे करू का' विचारत आलेल्या माणसांना गोष्ट अशी परस्पर घडवायला लाज वाटते. ती लाज मोडायला मधली पायरी हवी. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मधून, म्हणजे २०१०च्या बेकर दांपत्याच्या खेळातून, एकच गोष्ट उचल. ल्युडोच्या डब्यातले दोन फासे. बेरीज दहा किंवा वर, मनासारखं झालं. सहा किंवा खाली, सूत्रं तुझ्या हातात. आणि सात ते नऊ आलं तर झालं खरं, पण किंमत देऊन. भिंत चढलास, पण तलवार खाली पडली. पत्र मिळालं, पण दारातल्या म्हातारीने तुला ओळखलं: "काय रे, खंय चललंस?" खरी गोष्ट या मधल्या पट्टीत राहते. होय-नाहीच्या फाशांवर वाढलेल्या टेबलाला हा पट्टा सापडला की त्यांची भूक आपोआप बदलते.

पण या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्या रविवारी, 'द क्वाएट इयर' खेळा. अ‍ॅव्हरी ऑल्डरचा २०१३चा खेळ. यात डीएमच नाही. हे तुझ्यासाठी औषध आहे, कारण तीन वर्षांत तू एकदाही नुसता खेळाडू म्हणून बसलेला नाहीस. मधोमध एक मोठा कोरा कागद आणि ५२ पत्ते. मोठ्या संकटातून वाचलेली एक वस्ती, आणि तिला मिळालेलं एक शांत वर्ष. पत्ता ओढायचा, एक आठवडा सरला. पत्त्यावरच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि ते नकाशावर काढायचं: विहीर, पडकं घर, कुणाचं तरी भांडण. चार रंगांचे चार ऋतू. शेवटच्या ऋतूत इस्पिकचा राजा निघाला की खेळ संपला, मग वस्तीचं काहीही अर्धवट राहिलेलं असो. पुस्तक दोन ते चार खेळाडू म्हणतं. तुम्ही पाच, म्हणून बहिणीने आणि तू एक पाळी वाटून घ्या. तिच्या शेजारी बसून खेळलास की ती का रुसली हेही न विचारता कळेल.

आम्ही तो खेळलो तेव्हा ऋतू बदलून घेतले होते, कारण बर्फ पडणारा हिवाळा वेंगुर्ल्यात कुणाच्या मनाला भिडेना. मृगापासून सुरुवात केली. व्हाळाला पाणी, तरवा, मग भातकापणी, मग मोहोर, आणि शेवटचा ऋतू विहिरी आटण्याचा. नकाशावर सडा, पाणंद, खाजण, वरची वाडी, खालची वाडी आपसूक उगवली. कधी तोंड न उघडणाऱ्या मुलाने दोन वाड्यांमधल्या पाण्याच्या भांडणावर अशी काही रेघ मारली की सगळे गप्प झाले. तो कागद मी जपून ठेवलाय. पुढे त्याच वाडीत आम्ही 'कथुलू'ची रात्र खेळवली, आणि कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. गाव त्यांचंच होतं.

काळही बघून घे. फेब्रुवारी ते मे तुला आंब्यातून डोकं वर काढता येत नाही, तेव्हा नवं काही नको. १ जूनला मासेमारीबंदी लागते, मित्र किनाऱ्यावर असतो. जून-जुलै हे तुमचे महिने. त्यात एकेका रात्रीत संपणारे तीन-चार खेळ. कॅरेक्टर्स तूच बनवून आण, नियम मराठीत एका पानावर लिही. 'नवी सिस्टिम शिकूया' असं म्हणूच नकोस. 'या रविवारी आगबोटीतली एक गोष्ट खेळूया, रात्री संपेल' असं म्हण. पैसेही खर्च करू नकोस. 'कॉल ऑफ कथुलू'चं क्विक-स्टार्ट, म्हणजे नवख्यांसाठीची छोटी नियमपुस्तिका, फुकट मिळतं. टक्क्यांचे फासे नसतील तर शून्य ते नऊ अंकांच्या चिठ्ठ्या एका वाटीत घाल, दोनदा काढ, दर वेळी काढलेली परत टाक. नसलेल्या फाशांसाठी अडून राहण्यापेक्षा ते बरं.

लाइटचं उत्तर यातच आलं. शीट कागदावर ठेवा, मोबाइलवर नको. पत्र्यावर पाऊस वाजत असताना कंदिलाच्या उजेडात 'कथुलू' खेळवण्यासारखं सुख नाही. लाइट गेली तर चांगलंच म्हण. फक्त वात कमी करून ठेव आणि भीतीच्या जागी आवाज चढवण्याऐवजी उतरव.

ऑगस्टमध्ये मित्र पुन्हा समुद्रावर जाईल आणि टेबल चौघांचं होईल, त्याचीही सोय आहे. 'आयर्नस्वॉर्न' नावाचा शॉन टॉमकिनचा खेळ २०१८पासून फुकट उपलब्ध आहे. तो डीएमसकट खेळता येतो, डीएमशिवाय मिळून खेळता येतो आणि एकट्यालाही खेळता येतो. सहा बाजूंचा एक फासा आणि दहा बाजूंचे दोन, बस. तो त्याच्या फोनवर उतरवून दे, सोबत एक दोनशे पानी वही. फासे झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाकून हलवायला सांग, डेकवर नुसते टाकले तर जातील समुद्रात. फेरी संपवून तो परत आला की त्या वहीतून त्याच्या तोंडून ऐका, आणि त्याला भेटलेलं एखादं माणूस तुमच्या बंदरात नांगरलेल्या कॅम्पेनमध्ये उतरवून घे.